राजाने बी उकरून का पाहिले नाही?

प्रिय ताई,

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा आधी देते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तुमच्या लग्नाला तीन वर्षे झाली. यजमानांचे हे दुसरे लग्न असून पहिल्या लग्नाची दोन मुले, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा, तुमच्याजवळच वाढत आहेत. त्यांची आई दुसऱ्या गावी असते आणि मुले सुट्टीत तिच्याकडे जातात. रोज रात्री तुम्ही त्यांना ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकातून ग्रीक पुराणकथा वाचून दाखवता. मागच्या महिन्यात सोनेरी लोकरीच्या मेंढ्याची कथा निघाली. अथामस राजाची दुसरी राणी इनो सावत्र मुलांचा काटा काढण्यासाठी पेरणीचे बियाणे भाजून ठेवते, या ओळीपाशी मुलगी म्हणाली, "पुढचे वाचू नको. सावत्र आई आली की पुढे काय होते ते मला माहीत आहे." मुलाने वेगळेच विचारले, "पेरलेले उगवले नाही तर आबा माती उकरून बी बघतात. मग राजाने का नाही बघितले?" बाहेरच्या खोलीतून यजमान म्हणाले, "अरे, गोष्ट आहे ती," आणि दिवा मालवला गेला. दोन दिवसांनी मुलीने एवढेच विचारले, की त्या कथेतला मुलगा फ्रिक्सस आपल्या वडिलांना पुन्हा कधी भेटला का.

याच पत्राच्या शेवटच्या पानावर तुम्ही आणखी एक प्रसंग लिहिला आहे. तुम्ही मुलीला जेवताना टाकून बोलता, असे नात्यातल्या एका बाईंनी यजमानांच्या कानावर घातले. त्यांनी तुम्हाला काही विचारले नाही, मुलीला बाजूला घेऊन "ती तुला बोलते का?" असे विचारले आणि पंधरा दिवस तुमच्याशी अबोला धरला. कारण तुम्हाला कळले तेही मुलीकडून. या गोष्टीला आता दोन महिने होऊन गेले आहेत. पुस्तक परत करावे का, इनोला थोडी चांगली करून गोष्ट पुढे न्यावी का, आणि यजमानांशी बोलायला सुरुवात कोठून करावी, असे तुम्ही विचारता.

पुस्तक परत करू नका. मुलगी ज्या ओळीवर थांबली त्याच ओळीवर ते मिटले, तर कथा तिच्या मनात कायमची तेथेच राहील, आणि त्या ओळीवर भाजलेले बी हातात घेतलेल्या सावत्र आईखेरीज कोणीही नाही. इनोला चांगलीही करू नका. मोठ्यांनी बदललेली गोष्ट मुलांना चटकन ओळखू येते, आणि बदलणारी स्वतः सावत्र आई असेल तर तिने ती का बदलली हेही त्यांच्या लक्षात येते. इनोने जे केले ते तिने केले, ते तसेच राहू द्या. मी सुचवते ते असे, की तुमच्या पुस्तकाने ज्या माणसाला दोन ओळींत उरकले आहे त्या अथामस राजाकडे तुम्ही तिघांनी आता नीट पाहावे. ज्या घरात हे सारे घडले ते घर त्याचे होते.

अथामस हा इओलसचा मुलगा, सिसिफसचा भाऊ आणि मध्य ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतातील ऑर्खोमेनसचा राजा. त्याची पहिली पत्नी नेफेली. या नावाचा अर्थच ढग असा आहे, आणि ती मर्त्य स्त्रियांपैकी नव्हती. फ्रिक्सस आणि हेली ही तिची मुले. पुढे राजाने थीब्जच्या कॅडमस राजाची मुलगी इनो हिच्याशी लग्न केले. नेफेली स्वतः निघून गेली की तिला जावे लागले, यावर ही कथा थोडक्यात सांगणारे जुने ग्रंथकार थांबत नाहीत. दुसरे लग्न झाले एवढे सांगून ते पुढे जातात. त्या दोन मुलांना तरी कोणी जवळ बसवून काही सांगितले असेल का, असा प्रश्न मला ही कथा वाचताना दर वेळी पडतो. तुमच्याही चार पानांत यजमानांच्या पहिल्या लग्नाविषयी एकच वाक्य आहे: "त्याबद्दल आमच्याकडे बोलत नाहीत." तीन वर्षे ज्या घरात या गोष्टीवर बोलणे झालेले नाही, त्या घरातली बारा वर्षांची मुलगी उत्तरे गोष्टींच्या पुस्तकात शोधणार, यात नवल नाही.

आता तुमच्या मुलाच्या प्रश्नाकडे येते, कारण या कथेवर इतका नेमका प्रश्न मी मोठ्यांकडूनही फार क्वचित ऐकला आहे. इनोने गावातल्या बायकांना हाताशी धरले आणि पुरुषांना पत्ता लागू न देता पेरणीचे गहू भाजून ठेवायला लावले. भाजलेल्या दाण्यातला कोंब मेलेला असतो. वरून दाणा टपोरा दिसतो, पण त्यातून काही उगवत नाही. त्या वर्षी शेते रिकामी राहिली. दुबार पेरणीची वेळ ज्याच्यावर एकदा तरी आली आहे असा कोणताही शेतकरी अशा वेळी आधी मातीत बोट घालतो. बी कुजले का, मुंग्यांनी नेले का, की ते मुळातच मेलेले होते, हे पाहायला त्याला कोणा देवाची गरज लागत नाही. अथामसने मात्र देवाला कौल लावण्यासाठी डेल्फीला माणसे पाठवली. डेल्फी काही समुद्रापार नव्हते. शेजारच्याच फोकिस प्रांतात, पार्नासस पर्वताच्या उतारावर ते देवस्थान आहे, आणि राज्यावर दुष्काळ आलेला असताना राजा स्वतः तेथे जाऊ शकला असता. तो गेला नाही. माणसे परतली तोवर इनोने त्यांना फितवले होते, आणि फ्रिक्ससला देवांचा राजा झ्यूस याच्या वेदीवर बळी दिल्याशिवाय जमीन पिकणार नाही, असा निरोप त्यांनी राजाला दिला. आपल्या मुलाचा जीव मागणारा निरोप दुसऱ्याच्या तोंडून आला असताना हा बाप पुन्हा कोणाला पाठवत नाही, माणसांना वेगवेगळे बोलावून विचारत नाही, बियाण्याच्या कणगीत हात घालत नाही. लोकांनी दडपण आणले म्हणून तो मुलाला वेदीपाशी घेऊन गेला, असे एका प्राचीन ग्रंथात आहे. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच.

हायजिनसच्या नावावर असलेल्या लॅटिन कथासंग्रहात हा प्रसंग थोडा वेगळा आहे आणि तुमच्या घरासाठी तो अधिक महत्त्वाचा आहे. तेथे अथामस आधी नकार देतो. देशावरचे संकट टळावे म्हणून फ्रिक्ससच स्वतःहून पुढे होतो. मुलाला बळीच्या पट्ट्या बांधलेल्या पाहून खोटा निरोप आणणाऱ्या सेवकालाच दया येते आणि तो राजाला सारे सांगून टाकतो. म्हणजे येथेही सत्य राजाने शोधलेले नाही, ते त्याच्या पायाशी येऊन पडले आहे. आणि ते कळल्यावर तो काय करतो? इनोला आणि तिच्या धाकट्या मुलाला, मेलिसर्टीसला, ठार करण्यासाठी तो फ्रिक्ससच्या हवाली करतो. क्षणापूर्वी ज्याच्या मानेवर सुरी होती, त्या मुलालाच आता वडिलांच्या संसाराचा निवाडा करायला सांगितले जाते. तुमच्या यजमानांनी तुम्हाला न विचारता मुलीला बाजूला घेऊन "ती तुला बोलते का?" असे विचारले, हे वाचताना मला हीच जागा आठवली. त्यांच्या मनात मुलीची काळजी असणार, याबद्दल मला शंका नाही. पण त्या एका प्रश्नाने त्यांनी तिला साक्षीदार केले आणि न्यायाधीशही केले. ती "हो" म्हणाली असती तर तुमच्याशी वैर, "नाही" म्हणाली असती तर त्या नातेवाईक बाईंशी आणि कदाचित तिच्या स्वतःच्या आईशीही. पुढे तिने ते सारे येऊन तुम्हाला सांगितले, यावरून त्या पंधरा दिवसांत तिच्यावर किती ओझे होते हे ओळखावे. मला तर ही गोष्ट तुमच्या पत्रातली सर्वांत आशेची वाटली: घरात कोणी बोलत नसताना ती तुमच्याशी बोलली.

वेदीवरची गोष्ट पुढे कशी जाते ते तुमच्या पुस्तकात असेलच. नेफेली येते. हर्मीस देवाकडून मिळालेला सोनेरी लोकरीचा मेंढा ती मुलांना देते आणि तो त्यांना पाठीवर घेऊन आकाशातून पूर्वेकडे जातो. वाटेत एका सामुद्रधुनीवर हेली खाली पडते आणि बुडते. त्या पाण्याला ग्रीक लोक तिच्या नावाने हेलेस्पाँट म्हणू लागले. आज तुर्कस्तानात त्याला दार्दानेल्स म्हणतात आणि सर्वांत अरुंद ठिकाणी त्याची रुंदी जेमतेम सव्वा किलोमीटर आहे. फ्रिक्सस काळ्या समुद्राच्या टोकाला, कॉल्किसला, म्हणजे आजच्या जॉर्जियाच्या पश्चिम भागात पोहोचतो. हे वाचताना एक गोष्ट विसरू नका, की नेफेली घरात नव्हती, पण होती. तुमच्या मुलांचीही आई दूर आहे, नाहीशी झालेली नाही. हे पान वाचून झाल्यावर मुलांना तिला फोन करावासा वाटला तर करू द्या, आणि तो करताना तुम्ही खोलीतून उठून जाऊ नका.

आता इनोविषयी. ज्या मराठीत "माय मरो पण मावशी जगो" ही म्हण आहे, त्या भाषेच्या वाचकांना इनोची दुसरी बाजू सांगितली जात नाही याचे मला फार वाईट वाटते. इनोची बहीण सेमेली झ्यूसच्या विजेने जळून मेली. तिच्या पोटातले मूल झ्यूसने वाचवले. तेच मूल पुढे डायोनिसस देव झाले. झ्यूसची पत्नी हेरा हिच्या संतापापासून लपवण्यासाठी हर्मीसने ते इनो आणि अथामस यांच्याकडे आणून दिले, मुलगी म्हणून वाढवा असे सांगितले, आणि इनोने देवांच्या राणीचा रोष पत्करून आपल्या मेलेल्या बहिणीचे मूल सांभाळले. रोमन लोकांनी इनोला आपल्या मातेर मातुता या देवीत पाहिले. ११ जूनच्या तिच्या उत्सवात स्त्रिया स्वतःच्या मुलांऐवजी बहिणीच्या मुलांसाठी मागणे मागत, असे प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क लिहितो, आणि त्याचे कारण म्हणून इनोने भाच्याला वाढवल्याची हीच गोष्ट तो सुचवतो. फ्रिक्सससाठी बी भाजणारे हात आणि डायोनिससला जोजवणारे हात एकाच बाईचे आहेत. तिला परक्याचे मूल प्रेमाने वाढवता येत नव्हते, असे म्हणायला जागाच उरत नाही. मग अथामसच्या मुलांच्या बाबतीत ती अशी का वागली? कथा याचे उत्तर शब्दांत देत नाही, म्हणून पुढचे मत माझे आहे: बहिणीचे मूल तिच्याकडे स्पष्ट निरोपासह सोपवले गेले होते, आणि नवऱ्याची मुले मात्र तिने त्या घरात येऊन पाहिली. आपल्या मुलांचे या घरात पुढे काय होणार, थोरल्याचा हक्क कोणता आणि धाकट्यांचा कोणता, हे तिला कोणी सांगितले नसावे. राजा बोलत नाही अशा घरात प्रत्येक जण पुढचे स्वतःच ठरवू लागतो. इनोने जे ठरवले ते क्षमेपलीकडचे होते, आणि तिला मी त्यातून सोडवू पाहत नाही. पण मुलीला हे सांगा, की सावत्र आई म्हणून त्या बाईच्या अंगात विष आले, असे या कथेत कोठेही नाही.

आणि हे ग्रीकांपुरतेही नाही. ध्रुवाची कथा तुमच्या मुलांना नक्कीच ठाऊक असेल. त्याला बापाच्या मांडीवर बसू न देणाऱ्या सुरुचीचे नाव आपल्याला पाठ असते. ती बोलत असताना गप्प बसलेला उत्तानपाद राजा मात्र आपल्या बोलण्यात फारसा येत नाही. या सदरासाठी येणाऱ्या पत्रांतही मी हेच पाहते. तक्रार दोन बायकांची असते, किंवा बायको आणि मुलगी यांची असते, आणि ज्या माणसामुळे त्या दोघी एका घरात आल्या तो माणूस पत्रात एखाद्या वाक्यापुरता असतो, बाहेरच्या खोलीत.

अथामसच्या घरात आणखीही एक स्त्री होती. प्लुटार्कने तिचे नाव दिले आहे: अँटिफेरा, ग्रीसमधल्याच इटोलिया प्रांतातली दासी. इनोला तिचा मत्सर वाटत असे. प्लुटार्क स्वतः ऑर्खोमेनसजवळच्या कायरोनियाचा, आणि तो सांगतो की देवी म्हणून पुजल्या जाणाऱ्या इनोच्या तेथल्या देवळाबाहेर राखणदार चाबूक घेऊन ओरडत असे, की कोणी दास, दासी किंवा इटोलियन माणसाने आत येऊ नये. रोमन कवी ओव्हिडच्या एका कथनात राजा जिच्याकडे चोरून जात असे त्या दासीनेच त्याला भाजलेल्या बियांचे गुपित सांगितले. म्हणजे येथेही सत्य राणीला विचारून कळलेले नाही. ते कळले एका चोरट्या नात्यातून. हा भाग मुलांना वाचून दाखवण्याचा नाही. तुम्ही तो लक्षात ठेवावा, कारण या राजाची सवय त्यात सर्वांत उघड दिसते. घरातली माणसे समोर असताना तो दर वेळी घरातल्या गोष्टी आडवाटेने ऐकतो.

दुसऱ्या लग्नाचा शेवट मी थोडक्यात सांगते. डायोनिससला आसरा दिला म्हणून हेराने त्या घरावर वेड पाठवले. अथामसने आपल्या आणि इनोच्या थोरल्या मुलाला, लिआर्कसला, हरीण समजून मारले. इनो मेलिसर्टीसला घेऊन धावत सुटली आणि मेगाराजवळच्या कड्यावरून तिने समुद्रात उडी घेतली. देवांनी तिला ल्यूकोथिया नावाची सागरदेवता केले, मुलगा पॅलेमॉन झाला, आणि त्याच्या स्मरणार्थ कॉरिंथच्या संयोगभूमीवर सिसिफसने इस्थमियन खेळ सुरू केले, अशी परंपरा आहे.

तिसऱ्या लग्नाच्या दोन परंपरा आहेत. एकीत हद्दपार झालेला अथामस भटकत राहतो. जेथे जंगली श्वापदे तुला जेवू घालतील तेथे घर कर, असा कौल त्याला मिळालेला असतो. मेंढ्या फाडून खाणारे लांडगे त्याला पाहून शिकार टाकून पळतात, तेथेच तो वस्ती करतो आणि हिप्सियसची मुलगी थेमिस्टो हिच्याशी लग्न करतो. दुसरी परंपरा युरिपिडीजच्या आज हरवलेल्या नाटकाची आहे आणि तिचा सारांश हायजिनसच्या संग्रहातच टिकून आहे. तिच्यापाशी मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते या राजाचा खरा दोष तीत आहे.

तेथे अथामसला वाटते की इनो मेली. तो थेमिस्टोशी लग्न करतो आणि तिला दोन मुलगे होतात. मग त्याला कळते की इनो जिवंत आहे आणि पार्नाससवर डायोनिससच्या उत्सवात आहे. तो माणूस पाठवून तिला घरी आणवतो आणि ती कोण हे लपवून ठेवतो. थेमिस्टोला एवढा सुगावा लागतो की इनो सापडली आहे, पण ती कोणती हे तिला माहीत नसते. इनोच्या मुलांना मारण्याचा बेत ती करते आणि त्यासाठी विश्वासात घेते ती घरातल्या एका बंदिनीला, जी स्वतः इनोच असते. "माझ्या मुलांना पांढरे कपडे घाल आणि तिच्या मुलांना काळे," असे ती सांगते. इनो कपडे उलटे घालते. रात्रीच्या अंधारात थेमिस्टो आपल्याच मुलांना मारते आणि कळल्यावर स्वतःचा जीव घेते. येथवर राजाच्या हातून कोणाला जखम झालेली नाही, कोणाला त्याने एक वाईट शब्दही बोललेला नाही. त्याने फक्त एका बायकोला दुसरीविषयी सांगितले नाही. वाद टळावा म्हणूनच त्याने ते लपवले असणार, आणि जे पुरुष घरात शांतता राहावी म्हणून गप्प बसतात त्यांनी हे दोन रंगांचे कपडे एकदा डोळ्यांसमोर आणावेत, असे मला मनापासून वाटते.

आता यजमानांशी कसे बोलावे ते सांगते. "तुम्ही अथामस आहात" असे चुकूनही म्हणू नका. त्याने ते आणखी बाहेरच्या खोलीत जातील. शिवाय ते अन्यायाचेही होईल, कारण ते नात्यातल्या एका बाईंच्या सांगण्याला फसले आहेत, त्यांनी कोणाला वेदीवर नेलेले नाही. त्यांना मुलाचा प्रश्न द्या. मुलाने तो विचारला आहे, त्याला उत्तर हवे आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बापाइतके चांगले उत्तर त्याला दुसरे कोणी देऊ शकणार नाही. एका रात्री पुस्तक त्यांच्या हातात देऊन ती दोन पाने त्यांनीच वाचावीत असे सांगा, आणि मुलाने पुन्हा विचारले तर तुम्ही मध्ये बोलू नका. बी कसे मरते, पेरल्यावर किती दिवसांनी उकरून पाहायचे, आबा काय करायचे, हे सांगता सांगता राजाने काय करायला हवे होते हे त्यांच्या तोंडून आपोआप येईल. त्यांनी ते सांगताना मुलगी ऐकत असली पाहिजे.

मुले झोपल्यावर, त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, त्या पंधरा दिवसांविषयी त्यांना सरळ विचारा. येथे तुमच्याविषयीही मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. कारण कळून दोन महिने झाले, तरी तुम्हीही त्यांना काही विचारलेले नाही. मला मात्र चार पाने लिहिलीत. ती लिहिलीत याचा मला आनंद आहे, पण पहिले पान त्यांच्यासाठी होते. "माझ्याविषयी तुमच्या कानावर काही आले तर आधी मला विचारा, आणि मुलीला मध्ये घालू नका," एवढे एक वाक्य शांतपणे बोला. त्यापुढे त्यांना आपल्याच शब्दांत मुलीला सांगू द्या, की तुला तसे विचारले ही माझी चूक झाली. हे तुम्ही त्यांच्या वतीने सांगू नका, कारण तिला ते तुमच्याकडून ऐकून काहीच उपयोग नाही. त्याचबरोबर, त्या बाईंच्या बोलण्यात तिळमात्र जरी तथ्य असेल, एखाद्या दिवशी दमलेल्या असताना तुम्ही मुलीला जेवताना खरेच टोचून बोलला असाल, तर तेही याच वेळी स्वतः सांगून टाका. पत्रात तुम्ही ते नाकारलेलेही नाही आणि कबूलही केलेले नाही. दोघांनी प्रयत्न करूनही बोलणे दर वेळी अबोल्यावरच येऊन थांबत असेल, तर कौटुंबिक समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जावे. एकटीने जाण्यात या बाबतीत फारसा अर्थ नाही.

मुलीसाठी मी आणखी एक पान सुचवते. ते तुमच्या पुस्तकात नसेल; होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्याच्या पाचव्या सर्गात ते आहे. काव्याचा नायक ओडिसियस याचा तराफा वादळात सापडलेला असतो. तेव्हा एके काळी माणूस असलेली कॅडमसची मुलगी इनो, म्हणजे आताची ल्यूकोथिया, समुद्रातून वर येते आणि आपल्या डोक्यावरचे वस्त्र त्याला देते. हे छातीभोवती बांध, तराफा सोड आणि पोहत जा. किनारा लागला की तोंड फिरवून हे पाण्यात परत टाक, असे ती सांगते. ओडिसियसचा तिच्यावर विश्वास बसत नाही. यात काही डाव असेल, असे म्हणून तो तराफ्यालाच धरून राहतो. ती रागावत नाही, त्याला पटवत बसत नाही. वस्त्र त्याच्याजवळ ठेवून ती पुन्हा पाण्यात जाते. लाटेने तराफा फोडल्यावरच तो ते बांधतो, आणि दोन दिवस दोन रात्री पाण्यात काढून किनाऱ्याला लागतो. सावत्र आई आली की पुढे काय होते ते मला माहीत आहे, असे म्हणणाऱ्या मुलीला इनोचे पुढे हे झाले, हे कळायला हवे. वाचून झाल्यावर त्याचा अर्थ समजावू नका.

राहिला तिचा प्रश्न. फ्रिक्सस वडिलांना पुन्हा भेटला, असे मला माहीत असलेल्या प्रचलित कथेत नाही. कॉल्किसच्या एईटीस राजाने त्याला आसरा दिला, आपली मुलगी दिली, आणि तो तेथलाच झाला. पण इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा सम्राट झर्क्सीस सैन्य घेऊन थेसलीतल्या हॅलोस गावी आला, तेव्हा तेथल्या वाटाड्यांनी त्याला एक गोष्ट सांगितली आणि ती ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवली आहे. त्या गोष्टीत फ्रिक्ससच्या मृत्यूचा कट अथामसने इनोबरोबर मिळून केलेला असतो. पुढे देशाची शुद्धी व्हावी म्हणून लोक अथामसलाच बळी द्यायला निघतात, आणि नेमक्या त्या वेळी फ्रिक्ससचा मुलगा सिटिसोरस कॉल्किसहून येऊन आपल्या आजोबांना सोडवतो. या कृत्याने देव त्या घराण्यावर कोपला. त्या वंशातल्या थोरल्या मुलाला गावाच्या सभागृहात पाऊल टाकण्याची बंदी झाली, आणि जो आत गेला तो स्वतः बळी जाण्यासाठीच बाहेर पडे. झर्क्सीसने हे ऐकून तेथल्या देवराईला आणि अथामसच्या वंशजांच्या घराला स्वतः हात लावला नाही आणि सैन्यालाही लावू दिला नाही. मुलीला हे सगळे सांगा, शापासकट; बारा वर्षांच्या मुलीला ते झेपते. नातू आला होता, हे मात्र आधी सांगा.